आमवाताच्या संशोधनात सांध्याच्या अस्तराची बायोप्सी : प्रस्तावाचा आराखडा, सूचना हव्यात

अनुराधा_प (धागाकर्ती)

आमवातात, म्हणजे इथे ह्रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, रक्ताच्या तपासण्या एका टप्प्यापुढे काही बोलत नाहीत. आरएफ आणि अँटी-सीसीपी या प्रतिपिंडांच्या तपासण्या निदानाला मदत करतात, सीआरपी आणि ईएसआर भडका किती आहे ते सांगतात. पण मेथोट्रेक्सेट हे पहिलं औषध पुरं पडेना की पुढचं जैविक औषध टीएनएफविरोधी (टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन) द्यायचं, टोसिलिझुमॅब द्यायचं की रिटुक्सिमॅब, याचं उत्तर त्यांत नसतं. आजार जिथे शिजतो ते सांध्याचं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, तपासून हे उत्तर मिळेल का, यावर गेल्या काही वर्षांत बरंच काम झालं आहे. त्याच धर्तीवर एक छोटा प्रस्ताव लिहितेय. कच्चा आराखडा असा :

४० रुग्ण, सगळे मेथोट्रेक्सेट घेऊनही सांधे सुजलेले. जैविक औषध सुरू करण्याआधी एक बायोप्सी, १२ आठवड्यांनी दुसरी. गुडघा किंवा मनगट, जो सुजलेला असेल तो सांधा, सोनोग्राफीत बघत सुईने. दर खेपेला तीन तुकडे, तिन्ही फॉर्मलिनमध्ये. त्याच मेणाच्या ब्लॉकमधून स्लाइड आणि उरलेल्यातून आरएनए, म्हणजे कोणती जनुकं चालू आहेत ते कळेल. काम झालं की त्याच वाटेने सांध्यात स्टिरॉइड, म्हणजे रुग्णाला थोडा आरामही पडेल. शेवटी ‘बायोप्सीवरून औषधाचा प्रतिसाद सांगता येतो का’ हे बघायचं.

प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांनी त्रुटी सांगाव्यात. आकडे आणि कारणांसकट सांगितलंत तर प्रस्तावात तसंच घालता येईल.

सोनोसांधा

अनुराधाताई, पहिली दुरुस्ती तुकड्यांच्या संख्येची. तीनवर भागणार नाही. एकाच गुडघ्यात एका कोपऱ्यात बी-पेशींचे (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) गठ्ठे आणि चार सेंटिमीटरवर नुसतं तंतुमय ऊतक, असं सर्रास दिसतं. मोठ्या सांध्यातून किमान सहा आणि मनगट किंवा बोटांच्या लहान सांध्यातून किमान चार तुकडे नुसत्या स्लाइडसाठी लागतात. सहा तुकडे वेगवेगळ्या जागांवरून घेतले की नमुन्यामुळे येणारा फरक १० टक्क्यांच्या आत राहतो, हे १९९० च्या दशकातच मोजून झालं आहे. आरएनए हवा असेल तर त्याचे तुकडे वेगळे. म्हणजे गुडघ्यातून एका खेपेला दहा-बारा तुकडे धरून चला.

सुई : गुडघ्याला १४ गेजची अर्धस्वयंचलित, मनगटाला १६ गेजची. नमुना बसायच्या खाचेची लांबी १० किंवा २० मिमी मिळते. मनगटात १० चीच घ्या. २० ची खाच समोरच्या कंडरेत घुसते. गुडघ्यात वाटीच्या वरचा कप्पा, मनगटात पाठीकडचा कप्पा ही नेहमीची ठिकाणं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी (० ते ३ श्रेणींपैकी) किमान दुसऱ्या श्रेणीची असावी. पहिल्या श्रेणीच्या सांध्यात सुई घातली तर हाती चरबी आणि कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचं वेष्टन, येते.

क्रम असा. आधी डॉपलरने रक्तप्रवाह कुठे जास्त आहे आणि मोठ्या वाहिन्या कुठे आहेत ते पाहून ठेवा. प्रोब दाबून धरू नका, दाबाने डॉपलरचा सिग्नल मरतो आणि जिवंत अस्तर निवांत दिसतं. सांध्यात पाणी असेल तर ते आधी काढा. अस्तर जवळ येतं, आणि ते पाणी स्फटिक व कल्चरला पाठवता येतं. क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ, निर्जंतुक आवरणं, त्वचेपासून कॅप्सूलपर्यंत बधिर करायला लिग्नोकेन. सुई प्रोबच्या रेषेत, पूर्ण लांबी पडद्यावर दिसत असताना. खाच अस्तराच्या बाजूला वळवून मगच सोडायची. दर दोन तुकड्यांनंतर कोन बदला. त्वचेवरचं छिद्र एकच ठेवायचं, फक्त दिशा बदलायची.

तुकडा आला की सलाइनच्या बशीत सोडा. अस्तर गुलाबी, ओलं, झालरीसारखं दिसतं आणि बुडतं. पिवळं होऊन तरंगतं ती चरबी. पांढरं, चिवट, दोऱ्यासारखं असेल ते कॅप्सूल. ही पारख टेबलावरच करायची, कारण तेव्हाच आणखी एक तुकडा घेता येतो.

नंतर दाबपट्टी आणि २४ तास त्या सांध्याला विश्रांती. अनुभवी हातांत गुंतागुंती थोड्या. सांध्यात रक्त साचणं ही त्यातली नेहमीची, सांध्याचा जंतुसंसर्ग त्याहून पुष्कळ दुर्मीळ. पण बायोप्सीनंतर ताप येऊन सांधा फुगला तर ‘आमवात भडकला’ असं समजून थांबू नका, त्याच दिवशी पाणी काढून तपासा. रक्त पातळ करणाऱ्या औषधांची यादी सुई हातात घ्यायच्या आधी डोळ्यांखालून घाला.

स्टिरॉइडवर वेगळं लिहितो, तो मुद्दा आराखड्याच्या मुळावर येतो.

काचपट्टी

सोनोसांधा यांना +१. आता तुकडा बशीतून निघाल्यावरचं. माझ्या मते अर्ध्याहून अधिक नमुने इथे बिघडतात आणि दोष मात्र सुईवर येतो.

फॉर्मलिन हे १० टक्के, उदासीन, बफर घातलेलं हवं. पुष्कळ ठिकाणी बाजारचं फॉर्मलिन नऊपट नळाच्या पाण्यात मिसळतात. ते ठेवून ठेवून आम्ल होतं, ऊतकात काळपट-तपकिरी कण बसतात आणि अँटिबॉडी नीट चिकटत नाहीत. एक लिटरसाठी : बाजारचं फॉर्मलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास आलं की झालं. ऊतकाच्या दहा ते वीस पट द्रव ठेवा.

वेळ : सुईचे बारीक तुकडे आहेत, एका रात्रीत पुरेसे पक्के होतात. शनिवारी टाकून मंगळवारी काढले असं करू नका, आरएनए तुटतो आणि काही मार्कर फिके पडतात. सुट्टी आडवी येणार असेल तर २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. तुकडा काढल्याची आणि द्रवात टाकल्याची वेळ फॉर्मवर लिहा. पुढे एखादी बॅच वेगळी वागली तर कारण शोधायला दुसरं काही हाती नसतं.

चिमट्याने दाबून उचलू नका. लिम्फोसाइट चिरडले की निळ्या रेघा उरतात आणि त्यांत कोण बी, कोण टी ते कुणालाच सांगता येत नाही. ओल्या फिल्टर पेपरवर सरकवा, त्या कागदासकट घडी घालून कॅसेटमध्ये. स्पंज नको, त्याच्या छिद्रांचे त्रिकोणी ठसे तुकड्यावर उमटतात. बारीक तुकड्यांवर इओसिनचा थेंब टाकला की मेणात ते दिसतात. सगळे तुकडे एकाच पातळीत बसवायचे, नाहीतर चार दिसतात तेव्हा दोन कापून संपलेले असतात.

मायक्रोटोमवर ३ ते ४ मायक्रॉन. लागणाऱ्या सगळ्या स्लाइड एका बैठकीत काढा, पंधरा-वीस तरी. ब्लॉक पुन्हा लावला की समतल करण्यात एवढासा ऊतक छाटला जातो. पहिली स्लाइड एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या रंगाची. तिच्यात अस्तराचा वरचा थर दिसला नाही तर तो तुकडा ‘दाह नाही’ म्हणून मोजायचा नाही, ‘अयोग्य नमुना’ म्हणून वेगळा नोंदवायचा. या दोन गोष्टी एका रकान्यात गेल्या की अभ्यास तिथेच वाया जातो.

गुण द्यायला क्रेन स्कोअर : वरच्या थराची जाडी, स्ट्रोमातल्या पेशींची दाटी आणि दाहपेशींचा शिरकाव, प्रत्येकी ० ते ३, एकूण ९. बेरीज ०-१ म्हणजे दाह नाही, २ ते ४ सौम्य, ५ आणि वर तीव्र. यावरून रोगाची जात कळत नाही. त्यासाठी पेशी ओळखणारे मार्कर : सीडी३ (टी-पेशी), सीडी२० (बी-पेशी), सीडी१३८ (प्लाझ्मा पेशी) आणि सीडी६८ (मॅक्रोफाज, म्हणजे गिळणाऱ्या पेशी), प्रत्येकी ० ते ४. त्यांतून तीन प्रकार पडतात : बी-पेशी आणि प्लाझ्मा पेशींनी भरलेला लिम्फो-मायलॉइड, मॅक्रोफाजांचा पसरट मायलॉइड, आणि दाहपेशी जवळपास नसलेला तंतुमय. प्रत्येक बॅचला टॉन्सिलचा नियंत्रण नमुना लावा. सीडी६८ च्या अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे वाण, कोणता ते प्रस्तावात लिहा. केपी१ मॅक्रोफाजांबरोबर इतर पेशीही रंगवतो, पीजीएम१ जास्त काटेकोर आहे. अर्ध्या रुग्णांना एक आणि उरलेल्यांना दुसरा लावला तर आकडे एकत्र करता येणार नाहीत.

आणि सीडी६८ चे गुण वरच्या थराचे वेगळे, खालच्या थराचे वेगळे. औषधाने हलतो तो मुख्यतः खालच्या थराचा आकडा.

आकडेमोड

आराखड्याचं शेवटचं वाक्य सगळ्यांत अवघड आहे. ‘प्रतिसाद सांगता येतो का’ यात तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला वेगळी रचना लागते.

अमेरिकेच्या एफडीए आणि एनआयएच यांनी २०१६ मध्ये जैवसूचकांचे (रोग किंवा औषधाचा परिणाम दाखवणाऱ्या खुणांचे) सात प्रकार व्याख्या करून ठेवले. तुमच्या कामाचे त्यातले तीन. पहिला, औषध कोणतंही असो, पुढे रोग कसा जाईल ते सांगणारा. दुसरा, अमुक औषध तमुक औषधापेक्षा या रुग्णाला जास्त लागू पडेल हे सांगणारा. तिसरा, औषध ऊतकात पोचून काही करतंय का ते दाखवणारा. दुसऱ्यासाठी यादृच्छिक वाटणी केलेले दोन गट हवेतच. सगळ्यांना एकच औषध दिलंत आणि बी-पेशीवाले जास्त सुधारले, तर ते त्या औषधामुळे सुधारले की ते कशानेही सुधारले असते, हे कुठल्याही गणिताने सुटत नाही.

यावरची दोन मोठी उदाहरणं पाहा. आर४आरए ही चाचणी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपातल्या पाच देशांत झाली, निकाल २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. टीएनएफविरोधी औषध लागू न पडलेले १६४ रुग्ण, आधी बायोप्सी, मग रिटुक्सिमॅब किंवा टोसिलिझुमॅब. अंदाज असा की अस्तरात बी-पेशी नसतील तर बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब कमी पडेल. १६ आठवड्यांनी, स्लाइडवरून बी-पेशी कमी ठरलेल्यांत टोसिलिझुमॅबने ५६ टक्के आणि रिटुक्सिमॅबने ४५ टक्के सुधारले. फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. तेच रुग्ण आरएनएवरून वर्गीकृत केले तेव्हा ६३ विरुद्ध ३६ असा फरक दिसला.

मग जैविक औषध आधी कधीच न घेतलेल्या रुग्णांवर स्ट्रॅप झाली, निकाल २०२३ मध्ये. बी-पेशी कमी असलेल्यांत इटानरसेप्ट किंवा टोसिलिझुमॅब ६० टक्के, रिटुक्सिमॅब ५९ टक्के. काहीच फरक नाही.

हे निरुत्साह करायला सांगत नाही. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर नमुना घेतला, वर्गवारी कशावर केली, आणि ती रेषा आधी आखली होती की नंतर, यावर उत्तर इतकं बदलतं. प्रस्तावात हे तिन्ही पहिल्या रुग्णाआधी लिहून ठेवावं लागेल.

अनुराधा_प

आभार सगळ्यांचे, हे फार उपयोगी आहे. आकडेमोड, म्हणजे ४० रुग्णांच्या एका गटात दुसऱ्या प्रश्नाला हात घालूच नये असं समजते. मग तिसरा प्रश्न घेतला, औषध ऊतकात काही बदलतंय का, तर चालेल? आणि सोनोसांधा, स्टिरॉइडचं राहिलं.

सोनोसांधा

तिसरा प्रश्न ४० मध्ये नीट बसतो, आणि त्यासाठी खालच्या थराचा सीडी६८ हा हाताशी असलेला सगळ्यांत चांगला आकडा आहे. ॲम्स्टरडॅमच्या गटाने वेगवेगळ्या औषधांवर तो तपासला. परिणामकारक औषधाने तो घटतो. रुग्णाला बरं वाटतं, सांध्यांची मोजणी सुधारते, पण गोळी नुसती साखरेची असते, तेव्हा तो फारसा हलत नाही. लहान अभ्यासात हाच गुण लाखमोलाचा.

आता स्टिरॉइड. त्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की पहिल्या आठवड्यात रोज ६० मिग्रॅ आणि दुसऱ्यात रोज ४० मिग्रॅ प्रेडनिसोलोन दिल्यावर दोन आठवड्यांत अस्तरातले मॅक्रोफाज ठळकपणे कमी झाले. मग बायोप्सीनंतर त्याच सांध्यात तुम्ही स्टिरॉइड सोडलंत आणि १२ आठवड्यांनी सीडी६८ घटलेला दिसला, तर श्रेय कुणाला द्यायचं? त्या सांध्यात स्टिरॉइड नाही. पहिल्या बायोप्सीआधीचे काही आठवडे सांध्यातलं इंजेक्शन नको, तोंडी डोस चार आठवडे तरी स्थिर असावा आणि दुसऱ्या बायोप्सीपर्यंत तोच राहावा. रुग्णाला त्रास झाला तर अर्थातच द्यायचं, पण मग तो रुग्ण विश्लेषणात वेगळा.

दुसरी बायोप्सी त्याच सांध्याची, त्याच कप्प्यातून. आणि एक अडचण आधीच सांगतो : ज्याचं दुखणं गेलं त्याच्या सांध्यात अस्तर पातळ असतं, सुईला काही लागत नाही, आणि तो माणूस पुन्हा टोचून घ्यायला नाराजही असतो. मग जोड्या पूर्ण होतात त्या बहुतेक सुधारणा न झालेल्यांच्या. असा अभ्यास वाचताना मी पहिल्यांदा दुसऱ्या बायोप्सीचे आकडे शोधतो : कितींनी नकार दिला, कितींच्या नमुन्यात अस्तर आलंच नाही.

आकडेमोड

हा शेवटचा मुद्दा प्रस्तावात ठळक घ्या. गळती नुसत्या टक्क्यांत देऊ नका. सुधारलेल्यांतली गळती आणि न सुधारलेल्यांतली गळती वेगळी मांडा.

वाचन दोघांनी, रुग्ण कोण आणि बायोप्सी आधीची की नंतरची हे न कळता. त्यासाठी जोडीच्या दोन्ही स्लाइड एकाच बॅचमध्ये रंगवून सरमिसळ करून द्याव्या लागतात. सगळ्या ‘आधीच्या’ जूनमध्ये आणि ‘नंतरच्या’ डिसेंबरमध्ये रंगवल्या तर तुम्ही औषधाचा नाही, रंगाच्या बाटलीचा परिणाम मोजाल. काही स्लाइड त्याच वाचकाला महिन्याभराने पुन्हा द्या. दोघांचं किती जुळतं आणि एकाचं स्वतःशी किती जुळतं, दोन्ही छापा.

रक्तचंदन

मी मूत्रपिंडाच्या बाजूने लिहिते, कारण ऊतक हेच प्रमाण मानायची सवय ल्युपस या आजारात आधी लागली. ल्युपस नेफ्रायटिसमध्ये, म्हणजे ल्युपसमुळे मूत्रपिंडाला दाह झाला की, दिवसाला अर्धा ग्रॅमच्या वर प्रथिनं लघवीतून जाऊ लागली की बायोप्सीचा विचार होतोच. वर्गीकरण २००३ चं, २०१८ मध्ये सुधारलेलं. त्याच्या जोडीला दोन निर्देशांक : सक्रियता ० ते २४, जुनाटपणा ० ते १२. सक्रियतेत सहा गोष्टी मोजतात, त्यातल्या फायब्रिनॉइड नेक्रोसिस (ऊतक मरणं) आणि पेशीमय चंद्रकोर (पेशींची चंद्रकोरीसारखी वाढ) या दोन्हींना दुप्पट वजन.

नमुना किती पुरेसा याचं साधं गणित इथे करता येतं. मूत्रपिंडातल्या दहापैकी एका ग्लोमेरुलसमध्ये (रक्त गाळणाऱ्या गुच्छात) चंद्रकोर आहे असं धरा. तुमच्या सुईत दहा ग्लोमेरुलस आले तर एकही चंद्रकोर न दिसण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. वीस आले तर १२ टक्के. ‘किमान दहा’ हा आकडा वर्गीकरणापुरता आहे. आधी-नंतरची तुलना करायची तर दहा फार तोकडे. तिसरा वर्ग आणि चौथा वर्ग यांच्यातली रेषा निम्मे ग्लोमेरुलस बाधित आहेत की नाहीत एवढीच आहे. दहापैकी चार दिसले की तिसरा, पाच दिसले की चौथा. अशा वेळी वर्ग बदलला म्हणून औषधाला श्रेय देणं धोक्याचं. निर्देशांक वापरा.

पुन्हा केलेल्या बायोप्सीतून निघालेली मोठी गोष्ट अशी की लघवी आणि ऊतक एकमेकांशी जुळत नाहीत. लघवी स्वच्छ झालेल्या काहींच्या ऊतकात दाह चालूच असतो. उलट काहींची प्रथिनं जुन्या व्रणांमुळे जात राहतात आणि आत दाह काहीच नसतो. त्यांचं औषध उगाच वाढतं. अर्जेंटिनातल्या एका गटाने औषध थांबवण्याआधी बायोप्सी करून पाहिली. सक्रियता निर्देशांक २ च्या वर उरलेल्यांत आजार उलटायचं प्रमाण बरंच जास्त निघालं.

सुईचा एक तुकडा तीन बाटल्यांत जातो हे लक्षात ठेवा : फॉर्मलिन, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी मिशेलचं द्रावण, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ग्लुटाराल्डिहाइड. तिन्ही बाटल्यांना एकच चिमटा वापरू नका. मिशेलच्या बाटलीत फॉर्मलिनचा अंश गेला तरी फ्लुरोसन्स बिघडतो. संशोधनाचा वाटा निदानाचं भागल्यावरच.

निवडुंग

शोग्रेन, म्हणजे डोळे-तोंड कोरडं पाडणाऱ्या आजारात, खालच्या ओठाच्या आतल्या लाळग्रंथींची बायोप्सी हे बहुधा सगळ्यांत सोपं ऊतक, म्हणून थोडक्यात. ५० किंवा अधिक लिम्फोसाइटचा पुंजका म्हणजे एक फोकस. पुंजक्यांची संख्या गुणिले ४, भागिले ग्रंथींचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. १२ चौ. मिमी मध्ये ५ पुंजके म्हणजे १.६७. २०१६ च्या निकषांत १ किंवा वर आल्यास ३ गुण, निदानाला ४ लागतात. क्षेत्रफळ ८ चौ. मिमी पेक्षा कमी असेल तर आकडा देऊ नये; ३ चौ. मिमी मध्ये एकच पुंजका दिसला तरी स्कोअर १.३३ येतो आणि तो योगायोग असू शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत स्कोअर कमी येतो, त्याची नोंद हवी. शोषलेल्या, तंतुमय झालेल्या ग्रंथींभोवतीचे लिम्फोसाइट मोजायचे नाहीत. ही चूक स्लाइड भराभर वाचताना होते. ओठाला नंतर बधिरपणा राहू शकतो, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहा.

पेशीमोजणी

आरएनएबद्दल. अनुराधाताई, फॉर्मलिनच्या ब्लॉकमधून आरएनए निघतो, पण तुकडे तुकडे होऊन. तिथे आरआयएन हा अखंडपणाचा नेहमीचा आकडा बघण्यात अर्थ नसतो, डीव्ही२०० (२०० हून लांब तुकड्यांचं प्रमाण) बघतात. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर पैसे घालवू नका. वेगळे तुकडे घेणार असाल तर सरळ आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात. तुकडा एका बाजूने तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ हवा, सुईचा असतोच. द्रव किमान पाचपट. एक रात्र ४ अंशांवर, मग द्रव ओतून उणे ८० ला. सांधा धुतलेल्या रक्ताळ सलाइनसकट टाकू नका, टिपून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात बाटली खोलीत राहिली तर ३७ अंशांना एक दिवस आणि २५ ला आठवडाभर चालतं असं उत्पादक सांगतो. ती शेवटची सीमा समजा.

एकेक पेशी वेगळी वाचायची असेल तर तुकडा जिवंत हवा. अमेरिकेच्या एएमपी प्रकल्पाने वापरलेली पद्धत : तुकडे क्रायोस्टोर सीएस१० या गोठवण्याच्या द्रवात ठेवायचे, वेळ आल्यावर वितळवून पेशी सुट्या करणारी एन्झाइम लिबरेस टीएल आणि डीएनेज १, दोन्ही मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांना ३० मिनिटं. गोठवल्यामुळे वेगवेगळ्या रुग्णालयांचे नमुने एकाच दिवशी, एकाच हाताने फोडता येतात. किंमत अशी की न्यूट्रोफिल जवळपास सगळे मरतात, आणि ३७ अंशांच्या एन्झाइममुळे फॉस, जून ही ताणाची जनुकं पेटतात. ती रोगाची खूण म्हणून छापली जाऊ नयेत. याच प्रकल्पाने २०२३ मध्ये ७९ जणांच्या अस्तरातल्या ३,१४,००० हून अधिक पेशी वाचून दाहाचे सहा प्रकार मांडले. वर काचपट्टी यांनी सांगितलेल्या तीन प्रकारांशी ते एकास एक जुळत नाहीत.

काचपट्टी

आर४आरएच्या आकड्यांवरून ‘स्लाइड हरली, आरएनए जिंकला’ असं वाचू नये अशी विनंती. स्लाइडवरचा निकाल हा आधी ठरवलेला मुख्य प्रश्न होता, त्याच्यावर चाचणीचा आकार बेतलेला होता. ० ते ४ मध्ये १ आणि २ च्या सीमेवरचे रुग्ण डोळ्याने कुठल्या बाजूला टाकायचे यात खरोखर मतभेद होतात, हे मान्य. पण आरएनए काढताना सहा तुकडे एकत्र दळले जातात. त्यांतला एक चरबीचा असला तरी कळत नाही, पेशी गठ्ठ्याने होत्या की विखुरलेल्या तेही कळत नाही. स्लाइडवर दोन्ही दिसतं.

पेशीमोजणी

विखुरलेल्या पेशींचा मुद्दा मान्य. तरी रेषा कुठे मारायची हा प्रश्न आकड्यांत मांडता येतो, नजरेत नाही, म्हणून आरएनए पुन्हा पुन्हा करून पाहता येतो. चरबीच्या तुकड्याची अडचण टाळायला चरबीची जनुकं, ॲडिपोनेक्टिन आणि पेरिलिपिन, तपासून नमुना बाद करण्याची मर्यादा आधीच लिहून ठेवा. शक्य असेल तर आरएनएच्या प्रत्येक तुकड्याचं टोक कापून फॉर्मलिनमध्ये टाका, म्हणजे काय दळलं ते डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

आकडेमोड

दोघांचं म्हणणं एकत्र बसतं : ४० रुग्णांत स्लाइडचा एकच आकडा मुख्य ठेवा, खालच्या थराचा सीडी६८. आरएनए शोधासाठी. वीस हजार जनुकं आणि चाळीस माणसं असताना ‘प्रतिसाद ओळखणारी पन्नास जनुकं’ नेहमीच सापडतात. ती निवडली त्याच माणसांवर तपासून ९० टक्के अचूकता छापण्याला काही किंमत नाही.

वैदेही जो

संमती आणि परवानग्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुसरी बायोप्सी रुग्णाच्या उपचारासाठी लागत नाही. संमतीपत्रात मराठीत, पहिल्या पानावर हे वाक्य हवं : ‘ही तपासणी तुमच्या उपचारासाठी आवश्यक नाही, नाही म्हटलंत तरी औषध तसंच चालू राहील.’ डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे फायद्याचंच असणार, असं धरून लोक सही करतात. म्हणून संमती शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने घेऊ नये. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनापुरत्या तपासण्यांचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही, आणि इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद लागते.

वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळी संमती घ्या : आत्ताचा अभ्यास, उरलेला नमुना पुढच्या अभ्यासांसाठी ठेवणं, जनुकीय तपासणी, परदेशी पाठवणं. परदेशी संस्थेशी मिळून काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या एचएमएससी या छाननी समितीची मान्यता लागते, तिला वेळ लागतो. नोंदणी सीटीआरआय या चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, पहिल्या रुग्णाआधी.

आणि क्षयरोग. आपल्याकडे, विशेषतः एकच सांधा सुजलेला असेल तर, एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी गेलाच पाहिजे. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. टीएनएफविरोधी औषध देणार असाल तर हा तुकडा संशोधनाच्या सगळ्या तुकड्यांआधीचा.

अनुराधा_प

सगळं टिपून घेतलं. मुख्य प्रश्न आता सीडी६८ चा, त्याच सांध्यात स्टिरॉइड नाही, आरएनए वेगळ्या तुकड्यांतून. एकच शंका राहिली. मनगटातून कधी चारच तुकडे निघाले तर वाटणी कशी करायची? क्षयासाठी एक गेला तर स्लाइडला तीनच उरतात.

सोनोसांधा

मनगटात क्षयाची खरोखर शंका असेल तर पहिला तुकडा तिकडे, आणि तो रुग्ण या अभ्यासात घेऊच नका. शंका दूर झाल्यावर, अस्तर अजून जाड असेल तर पुन्हा विचार करा. अनेक सांधे सुजलेत, अँटी-सीसीपी मोठ्या प्रमाणात आहे, छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही क्षयाची रक्ततपासणी स्वच्छ आहेत, अशांमध्ये सांध्यातून काढलेलं पाणी कल्चरला पाठवून चारही तुकडे स्लाइडला द्या. आरएनए त्या रुग्णापुरता सोडायचा.

काचपट्टी

आणि चारपैकी दोनमध्येच अस्तराचा थर दिसला तर आकडा द्या, पण बाजूच्या रकान्यात ‘योग्य तुकडे २’ असं लिहा. विश्लेषण करणाऱ्याला दोन तुकड्यांवरचा आणि सहा तुकड्यांवरचा आकडा वेगळा ओळखता आला पाहिजे. हा रकाना फॉर्म छापायच्या आधीच घाला, नंतर ब्लॉक पुन्हा काढून मोजायला ऊतक शिल्लक नसतं.